बिनभोकाचा कान

"पिशवी उघडू नका," साहेब म्हणाले. "पुरावा आहे तो. नुसतं वरून बघा आणि सांगा, कसं बसवलं होतं."

मिलिमीटरने प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी उजेडात धरली. आत त्याच्याच कारखान्यातलं, त्यानेच आखलेलं गॅस्केट होतं. तळहाताएवढी सपाट चकती, मधे मोठं भोक, कडेने सहा बोल्टांची भोकं आणि एका बाजूला करंगळीएवढं बारीक भोक. ते बारीक भोक म्हणजे यंत्रातला जादा दाब बाहेर पडायची वाट. चकतीवर लोखंडी कडेचा वण उठला होता, आणि तो बारीक भोकावरून न जाता त्याच्या बरोब्बर समोरच्या बाजूने गेला होता.

त्याला एका नजरेत कळलं. तरी त्याने खिशातली पट्टी काढली, पिशवीवरून दोनदा मोजलं, आणि मग म्हणाला, "उलटं."

"म्हणजे बसवणाऱ्याची चूक."

"उलटं बसलं होतं आणि दाबाची वाट बंद झाली होती, एवढं खरं."

"तेच ते," साहेब म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. "ज्यांचा फिटर भाजला, त्या यंत्रवाल्यांना आपला अहवाल हवाय. कारण या रकान्यात एवढंच लिहा आणि खाली सही करा. बुधवारपर्यंत."

मिलिमीटर हे त्याचं नाव नव्हतं. पण तेवीस वर्षांत कारखान्यात खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. काम करताना कुणी "थोडंसं सरकव" म्हणालं की तो विचारायचा, "किती मिलिमीटर?" तिथून ते चिकटलं. आता साहेबसुद्धा फोनवर म्हणत, "थांबा हं, आमच्या मिलिमीटरना देतो."

त्याचं काम सांगायला सोपं होतं. दोन लोखंडी तोंडं एकमेकांवर दाबली की मधे फट राहते आणि त्या फटीतून पाणी, तेल, वाफ बाहेर पडते. मधे मऊ चकती घातली की फट मिटते. ही चकती म्हणजे गॅस्केट. गिऱ्हाईक ड्रॉइंग पाठवायचं, आणि ते बहुतेक वेळा लोखंड कापणाऱ्याने काढलेलं असायचं. त्यात रबराला लोखंडाचं काटेकोर माप असायचं, जणू रबर रात्रीत आखडत नाही की उन्हात फुगत नाही. भोक काठाला इतकं खेटून असायचं की डायमधून, म्हणजे कापायच्या साच्यातून, निघतानाच तिथली पट्टी तुटावी. मिलिमीटर फोन लावायचा आणि समजावायचा, "इथं भोक नको, उघडी खाच द्या. बोल्ट तेवढाच धरला जाईल आणि तुटणार काही नाही." किंवा, "एवढी मोठी चकती अखंड कशाला? चार तुकड्यांत करू, टोकं एकमेकांत अडकतील अशी. मधला सगळा माल वाया जाणार नाही." लोक ऐकायचे, कारण त्याचं म्हणणं खरं असायचं आणि स्वस्तही पडायचं.

त्याचा खरा हातखंडा म्हणजे रबराच्या शीटवर आकार बसवणं. एकाच्या पोटात दुसऱ्याची पाठ, एकाच्या खाचेत दुसऱ्याचं टोक. कापून झाल्यावर उरलेली जाळी इतकी बारीक असायची की डाय बनवणारे मामा ती डोळ्यांपुढे धरून त्याच्याकडे बघायचे. "मासा अडकणार नाही हिच्यात," म्हणायचे, "धक्क्यानेच तुटेल."

तर, या गॅस्केटला मुळात एक कान होता. एका बाजूने बाहेर आलेला, नखाएवढा, गोल. त्यात भोक नाही, त्यावर बोल्ट नाही, तो कशावर दाबलाही जात नव्हता. नुसता बाहेर डोकावायचा. आणि त्या एका कानापायी चकत्या एकमेकींना भिडायच्या नाहीत. एका शीटमधून चोवीस निघायच्या. कान काढला तर एकतीस.

दोन वर्षांपूर्वी त्याने यंत्रवाल्यांना फोन लावला होता. "हा बिनभोकाचा कान कशासाठी आहे?"

"कोणता कान?" खरेदी खात्यातल्या माणसाने विचारलं होतं.

"एका बाजूला आहे बघा. काढला तर भाव बराच खाली येईल."

"भाव खाली येत असेल तर माझेही दोन्ही कान काढा हो," तो माणूस हसत म्हणाला होता. "जुन्या ड्रॉइंगपासून चालत आलाय. कामाचा नसणारच."

मिलिमीटरने ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहिलं, 'बदल: कान काढला', आणि सही केली. त्या वर्षी साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती.

त्याने विचारलं होतं, हे खरं. पण ज्याला ठाऊक असण्याची शक्यता सगळ्यात कमी, त्यालाच विचारलं होतं. आणि विचारताना भाव आधी सांगितला होता.

*

घर कारखान्याचंच. मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या, आणि भिंतीपलीकडे चकत्या कापायचा मोठा प्रेस. दिवसभर तो खाली आला की फडताळातल्या ताटल्या किणकिणायच्या. पुढच्या खोलीत बायको पडदे नि उशांचे अभ्रे शिवायची. पलंगाखाली कापडाचे तागे, ताग्यांच्या वर पेट्या, पेट्या नि भिंत यांच्या मधे मुलीचं अभ्यासाचं घडीचं टेबल. सगळं मिलिमीटरने मापाने बसवलेलं. एक खुर्ची हलवायची तर आधी तीन वस्तू हलवाव्या लागत.

त्याने संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. शिलाई न थांबवता तिने ऐकून घेतलं.

"उलटं बसलं होतं ना?" ती म्हणाली. "मग तसं लिहा. खोटं थोडंच आहे?"

"कान असता तर उलटं बसलंच नसतं. यंत्राच्या तोंडाला त्या बाजूला खाच आहे, तिच्यात तो कान बसायचा. मी आज त्यांचं यंत्राचं ड्रॉइंग काढून बघितलं."

"आज बघितलं?"

"आज."

मशीन थांबलं. "आणि तुम्ही खरं लिहिलंत तर?"

"माहीत नाही. साहेब चिडतील. यंत्रवाल्यांचं काम म्हणजे आपलं निम्मं काम आहे."

"तीन वर्षं राहिलीत तुमची," ती म्हणाली. "पोरीचं शेवटचं वर्ष आहे. या घरातून काढलं तर कुठे जायचं ते मोजलंय का कधी? तेवीस वर्षांत या भिंतीत मी एक खिळा ठोकलेला नाही, दुसऱ्याची भिंत म्हणून. कॅलेंडरसुद्धा दाराच्या कडीला लटकवते. मलाही तुम्ही असंच बसवलंत हो, उरलेल्या जागेत. मी कधी बोलले नाही. आता एकदा बोलते. आधी आपलं बघा."

तिचं चूक नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षी, फक्त गॅस्केट आखता येणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

"त्या माणसाला फार लागलंय का?" दोरा तोडत तिनेच विचारलं.

"हात भाजलाय. उकळतं पाणी."

"बघून तरी या," ती म्हणाली आणि पुन्हा मशीन चालू केलं.

*

मंगळवारी चार वाजता, भेटायच्या वेळेत, तो इस्पितळात गेला. फिटर कुठला आहे हे विचारावं लागलं नाही. खिडकीजवळच्या खाटेवर एक चाळिशीतला माणूस उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळून वर टांगून पडला होता. गालावर औषधाचे पांढरे ठिपके होते.

"बघता काय, या," तो म्हणाला. "उत्तर येत असलेल्या पोरासारखा हात वर करून पडलोय सहा दिवस, पण कुणी प्रश्नच विचारत नाही."

उशाशी बसलेली त्याची बायको हसली नाही. "कुठून आलात?" तिने विचारलं.

"गॅस्केटच्या कारखान्यातून."

"अरे वा," फिटर म्हणाला. "पहिल्यांदाच कुणीतरी आलं. आमच्या कंपनीतून फळं आली, माणूस नाही आला. बसा ना साहेब. अगं, स्टूल दे त्यांना."

मिलिमीटर बसला. येताना वाटेत त्याने दोन गोष्टींची तयारी केली होती. एक, माणूस शिव्या घालेल आणि त्या ऐकून घ्यायच्या. दुसरी तयारी नव्हे, स्वतःशीही कबूल न केलेली आशा होती, की माणूस दारुडा किंवा बेफिकीर निघेल.

"कसं झालं?" त्याने विचारलं.

"माझाच गाढवपणा. उलटं बसवलं. धुलाईखान्यातलं ते गरम पाण्याचं यंत्र, त्याचं झाकण पार मागच्या बाजूला, भिंतीकडे. यंत्र हलत नाही. मग उताणं पडायचं, आणि एक हात आत घालायचा." डाव्या हाताने त्याने हवेत दाखवलं. "डोकं आत जातच नाही. दिसत काही नाही. सगळं बोटांवर."

"मग बाजू कशी कळते?"

"अंगठ्याने," फिटर म्हणाला. "त्याला एक कान असायचा. एवढासा. अंगठा कानावर ठेवायचा, चकती आत सरकवायची, कान खाचेत टचकन पडला की समजायचं, बसलं. पंधरा वर्षं असंच बसवतोय. बाकीची पोरंही असंच करतात, त्यांना मीच शिकवलंय. या खेपेला जुना साठा संपला म्हणून नवा गठ्ठा उघडला, तर अंगठ्याला कान लागेना. मला वाटलं, तुटून पडला असेल. गाडीतून आणताना तुटतात बारीकसारीक तुकडे. दुसरं काढलं, त्यालाही नाही. म्हटलं, सगळा गठ्ठाच दबलाय. मग अंदाजाने बसवलं."

मिलिमीटरचा अंगठा मांडीवर आपोआप दाबला गेला.

"हे तुम्ही कुणाला सांगितलं का? कान नव्हता हे?"

"सांगितलं ना. खरेदीवाला म्हणाला, तो कान कधी कामाचाच नव्हता, कुठल्याच कागदावर त्याचं काम लिहिलेलं नाही. खरंच नाही लिहिलेलं. कोण लिहिणार? अंगठा थोडाच लिहितो?" तो हसला आणि गालाचे ठिपके ताणले गेल्यावर कळवळला. "सोमवारी चौकशी आहे. तिथं काय सांगू? 'साहेब, कान नव्हता म्हणून भाजलो' असं? हसतील सगळे. मलाच आता खात्री वाटत नाही. असं वाटतं, आपणच बहाणा शोधतोय."

"फिटरचं काम गेलं ना," त्याची बायको पहिल्यांदाच मधे बोलली, "तर ह्यांना दुसरं काही येत नाही. गोदामात बसवतील नाहीतर घरी."

"अगं, पाहुण्यांना काय सांगतेस," फिटर म्हणाला. "साहेब, तुमचं तिथं काम काय?"

"आखणी," मिलिमीटर म्हणाला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक असेल. तो कान गेला कुठे?"

उत्तर दोन शब्दांचं होतं. मिलिमीटरने तोंड उघडलं. तेवढ्यात परिचारिका औषधाचा ट्रे घेऊन आली, बायको उठली, वेळ संपल्याची घंटा झाली आणि त्या गडबडीत तो उभा राहिला. "बघून सांगतो," तो म्हणाला. जिना उतरताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की रस्ता ओलांडताना त्याने दोन्ही बाजूंना बघितलंसुद्धा नाही.

*

बुधवारी सकाळी त्याने कारण या रकान्यात लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सरळ, ड्रॉइंगवर लिहितात तसं.

'गॅस्केट उलटं बसवता येऊ नये म्हणून मूळ आकाराला कान होता. माल वाचवण्यासाठी तो मी काढला. त्याचा उपयोग काय, हे बसवणाऱ्यांना मी विचारलं नाही. चूक आखणीची आहे.' खाली सही केली.

साहेबांनी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. आवाज चढवला नाही.

"तुम्हाला वाटत असेल, मी तुम्हाला काढून टाकीन," ते म्हणाले.

"वाटलं होतं."

"मी राक्षस नाही हो. माझं तुमच्यावाचून चालतही नाही. पण हा कागद बाहेर गेला तर यंत्रवाले म्हणतील, बदल तुमचा, निस्तरा तुम्ही. साठ माणसं आहेत इथं. त्यांच्या घरी कोण सांगायला जाणार, तुम्ही?" त्यांनी कागदाची घडी घातली. "तुम्ही खरं लिहिलंत. मन मोकळं झालं ना? आता हे इथं राहू दे." त्यांनी ड्रॉवर उघडला, कागद आत ठेवला, ड्रॉवर बंद केला. "अहवाल मी सही करून पाठवतो. बसवणाऱ्याची चूक. तुमच्या सहीची गरज नाही. आणि कान पुढच्या खेपेपासून परत घाला, गुपचूप. झालं? आता जा, ते पंपवाल्यांचं ड्रॉइंग कालपासून अडलंय."

रागावले असते तर सोपं गेलं असतं. मिलिमीटर आपल्या टेबलाशी परत आला. नोकरी शाबूत होती, घर शाबूत होतं, कबुलीही देऊन झाली होती. कुठूनही हवा जायला जागा उरली नव्हती.

दुपारी डायमामा आले. त्यांना सगळं कळलं होतं. कारखान्यात कळायला वेळ लागत नाही.

"कान परत घालायचाय म्हणे. डायचं पातं वाकवायला घेऊ?" ते म्हणाले.

"घ्या."

"शीटमधून पुन्हा चोवीसच निघणार."

"चोवीसच."

मामा जायला वळले, थांबले. "एक सांगू? तू कान काढायला सांगितलास, तेव्हा मीपण हात चालवला की रे. मला वाटलं होतं विचारावं, कशाला काढतोयस. पण म्हटलं, मिलिमीटर आहे, त्याने बघितलं असेल."

"सगळ्यांनी हेच म्हटलं, मामा," तो म्हणाला. "मीसुद्धा."

*

रविवारी त्याने मुलीकडून दोन जाड पुठ्ठे मागून घेतले. कारखान्यातला एकही कागद त्याने घरी आणला नव्हता, आणणारही नव्हता. पण ते आकार त्याच्या डोक्यात होते. पलंगावर बसून त्याने आठवणीनेच आखलं, बायकोच्या कात्रीने कापलं. एक कानाचं, एक बिनकानाचं. मग पुठ्ठ्याच्या डब्याला यंत्राच्या तोंडासारखी भोकं पाडली, एक खाच केली.

"बाबा, शाळेचा प्रकल्प आहे का?" मुलगी म्हणाली.

"डोळे मीट आणि बसवून दाखव."

कानाचं तिने पहिल्याच खेपेला बरोबर बसवलं. बिनकानाचं पाच वेळा बसवलं. तीनदा उलटं गेलं.

बायको दारातून बघत होती. कपाळाला आठ्या होत्या. "उद्या रजा टाकलीत?"

"खासगी काम म्हणून."

"साहेबांना कळेल."

"कळेल."

ती आत गेली, त्याचा निळा शर्ट काढला आणि इस्त्री तापत ठेवली. "जा," ती म्हणाली. "मी 'जा' म्हणतेय म्हणून मला पटलंय असं समजू नका. मला भीती वाटतेय. आणि घर शोधायची वेळ आली तर या वेळी मी बघणार, मोजणार नाही तुम्ही."

*

यंत्रवाल्यांच्या कचेरीत पहिल्या मजल्यावर लांब बोळ होता. चौकशीच्या खोलीचं दार बंद. बाहेर बाकावर फिटर बसला होता, आज हात गळ्यात अडकवलेला. शेजारी बायको.

"साहेब, तुम्ही?" फिटर उठायला लागला.

"बसा," मिलिमीटर म्हणाला. तो स्वतः उभाच राहिला. बसून सांगायची ही गोष्ट नव्हती. "तुम्ही विचारलं होतंत, कान गेला कुठे. मी काढला. दोन वर्षांपूर्वी. जास्त चकत्या निघाव्यात म्हणून."

फिटर त्याच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हसऱ्या माणसाचा होता. त्यावर हसू नसलं की तो अनोळखी दिसायचा. बायकोने तोंड फिरवलं.

"त्या दिवशी का नाही बोललात?" फिटरने विचारलं.

"हिंमत झाली नाही."

"आठवडाभर मी स्वतःलाच शिव्या घालतोय," फिटर म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण शेवटी चिरकला. "रात्रंदिवस."

मिलिमीटरने मान खाली घातली. मग तो बोळाच्या टोकाला, जिथे एक बाई टेबलावर नोंदवही उघडून बसली होती, तिथे गेला.

"चौकशीत मला बोलायचंय."

"बोलावलंय का तुम्हाला?"

"नाही."

तिने त्याचं नाव विचारलं. त्याने पूर्ण नाव सांगितलं. कितीतरी दिवसांत ते मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"कोणातर्फे? कंपनीतर्फे की कामगारातर्फे?" तिने पेन दोन रकान्यांवर एकामागून एक टेकवलं.

"आमच्या कारखान्याचा कागद आलाय, तो माझा नाही. कामगाराला मी आत्ता भेटलोय आणि तो माझ्यावर चिडलाय."

"मग कोणातर्फे लिहू?"

"माझ्यातर्फे."

"तसा रकाना नाही हो," ती म्हणाली. ती त्रासली नव्हती, खरंच अडली होती. तिने पान वरून खालपर्यंत बघितलं. मग वही थोडी फिरवली आणि काठाच्या कोऱ्या पट्टीत, रकान्यांच्या बाहेर, उभं लिहायला घेतलं. जागा अरुंद होती. नाव लांब होतं. अक्षरं बारीक करत करत तिने ते कसंबसं शेवटपर्यंत नेलं.

"वेळ लागेल," ती म्हणाली. "आधी ते दोघे, मग तुम्ही."

"लागू दे," तो म्हणाला, आणि पुठ्ठ्याचा डबा छातीशी धरून भिंतीला टेकून उभा राहिला.